नागपुरात मायक्रोग्रीन्स: पावसाळ्यातली बुरशी, मे महिन्यातली खोली आणि हॉटेलांना पुरवठा

परसबाग_मानेवाडा

नमस्कार मंडळी. मायक्रोग्रीन्स, म्हणजे बी रुजवून आठवड्या-दोन आठवड्यांत कापून कच्चे खायचे कोवळे कोंब, घरीच करतो. मानेवाड्याला दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली १० बाय १२ ची खोली आहे. पूर्वेला एक खिडकी. स्लॉटेड अँगलचे दोन रॅक, प्रत्येकी चार कप्पे, कप्प्यात १० बाय २० इंची चार ट्रे. म्हणजे एकूण ३२ ट्रेची जागा. प्रत्येक कप्प्यावर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनच्या. माध्यम कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० च्या आसपास. सध्या मुळा, मोहरी आणि सूर्यफूल लावतो.

अडचणी अशा:

ऑगस्ट लागल्यापासून झाकलेल्या ट्रेत तिसऱ्या दिवशी पांढरं जाळं दिसतं. मोहरी दीड-दोन इंच झाली की मधोमध झोपते. सूर्यफुलाची टरफलं पानाला चिकटून राहतात, ती काढण्यातच वेळ जातो.

धरमपेठ आणि रामदासपेठेतल्या दोन किचननी नमुना मागितला आहे. भाव कसा ठरवावा, आठवड्याचं वेळापत्रक कसं बसवावं, कागदपत्रं कोणती लागतात? आणि मे महिन्यात ही खोली चालेल का, की दोन महिने बंद ठेवावं लागेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

कोंब_आणि_पान

आधी ते पांढरं नेमकं काय आहे ते ओळखा. मुळा आणि मोहरीच्या मुळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बारीक पांढरी लव येते. ती केशमुळं. लव प्रत्येक मुळाभोवती सारखी असते, मातीच्या रेषेजवळ असते आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी एका बीवरून दुसऱ्या बीवर, देठांच्या मधून धागे टाकत जाते, फवाऱ्याने जात नाही आणि झाकण उघडताच कुबट वास येतो. नवीन माणसं केशमुळांना बुरशी समजून चांगले ट्रे फेकतात. त्याहून वाईट म्हणजे बुरशीला केशमुळं समजून माल कापून पाठवतात.

तुमच्याकडे ऑगस्टमध्ये धागे दिसतात म्हणजे बहुतेक बुरशीच. तिची कारणं साधारण या क्रमाने तपासा.

पहिलं, बियाणं दाट पडतंय का. १० बाय २० च्या ट्रेला मुळा ३० ग्रॅम, मोहरी १२ ते १५ ग्रॅम, ब्रोकोली १५ ग्रॅम, लाल माठ ८ ते १० ग्रॅम, मेथी ४० ते ५० ग्रॅम, सूर्यफूल टरफलासकट कोरडं १२० ते १५० ग्रॅम, वाटाणा २०० ते २५० ग्रॅम. ही कोरड्या हवेची मापं आहेत. जुलै ते सप्टेंबर यातून सरळ १५ ते २० टक्के कमी करा. दर ट्रेमागे थोडा माल कमी निघेल, पण देठांमधून हवा खेळेल. बी मुठीने टाकू नका, प्रत्येक ट्रेचं वजन करा. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा स्वस्तात मिळतो आणि त्याच्याशिवाय हा धंदा अंदाजपंचेच चालतो.

दुसरं, कोकोपीट किती ओलं आहे. ५ किलोच्या विटेला २० ते २५ लिटर पाणी लागतं आणि ६० ते ७० लिटर भुसा तयार होतो. ट्रेत एक इंच थर म्हणजे साधारण ३ लिटर, तेव्हा एका विटेत २० ट्रे भरतात. मूठभर घेऊन घट्ट दाबा: एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर तो भुसा पसरून तासभर वाऱ्यावर ठेवा, तसाच ट्रेत भरू नका. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवा. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस तुम्ही घातलेल्या पाण्याच्या जवळ आला की पुरे. गांडूळखत किंवा शेणखत मिसळू नका. बीजदलं (बीमधून निघणारी पहिली दोन पानं) उघडेपर्यंत बियाण्याच्या पोटातलं अन्न पुरतं, खताची गरज नाही. आणि हा माल कच्चा खाल्ला जातो, शेणातले जंतू पानावर जाणं परवडणारं नाही.

तिसरं, झाकून ठेवण्याचा काळ. मुळा-मोहरीला थंडीत तीन दिवस अंधार चालतो. पावसाळ्यात दोन दिवस पुरे. कोंब सेंटिमीटरभर वर आले की झाकण काढा. ट्रेवर ट्रे रचत असाल तर चारपेक्षा जास्त थर नको, खालचे ट्रे घुसमटतात. वरच्या ट्रेवर २ ते ३ किलो वजन ठेवलं की मुळं खाली घुसतात.

चौथं, वरून पाणी. बी रुजेपर्यंतच फवारा. त्यानंतर भोकांचा ट्रे बिनभोकांच्या ट्रेत ठेवून खालून पाणी द्यायचं, दिवसाला ३०० ते ४०० मिली. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पाणी ओतून टाका. पावसाळी हवेत रोज द्यावं लागतंच असं नाही. ट्रे उचलून बघा, हाताला जड लागला तर त्या दिवशी सुट्टी.

पाचवं, ट्रेची सफाई. साबणाने घासून, मग ४ टक्केवाल्या सोडियम हायपोक्लोराइटचे लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम. त्यात दहा मिनिटं बुडवा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. जुनं कोकोपीट पुन्हा ट्रेत घेऊ नका. ते मुळांसकट कंपोस्टला टाका, कुंड्यांना उत्तम.

बियाण्यावरूनच बुरशी येत असेल तर पेरण्याआधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पाच मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने धुवा. औषधाच्या दुकानात ६ टक्केवालं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की झालं. ट्रेच्या कोपऱ्यात रुपयाएवढा ठिपका दिसला तर त्याच ६ टक्केवाल्याचे १० मिली एक लिटर पाण्यात घालून फवारा आणि पंखा लावा. दुसऱ्या दिवशी पसरलेलं दिसलं किंवा वास आला तर तो ट्रे गेला. वरवरचा चांगला भाग कापून विकायचा नाही. आणि बुरशीनाशक तर नाहीच: पेरल्यापासून आठवड्यात ताटात जाणाऱ्या पानावर कुठलंही औषध बसत नाही.

मोहरी झोपण्याबद्दल: मधोमध झोपते आणि कडेची उभी राहते, याचा अर्थ मध्ये बी दाट आणि हवा कमी. देठ मातीच्या रेषेवर तपकिरी, चिमटल्यासारखा बारीक दिसतो का बघा. दिसला तर तो मर रोग. पिथियम किंवा रायझोक्टोनिया, दोन्ही ओल साचली की येतात. देठ सगळीकडे पांढराच पण लांब आणि लुळा असेल तर प्रकाश उशिरा किंवा लांबून मिळतोय. ट्यूब पानांपासून ६ ते ८ इंचांवर आणा, १२ ते १४ तास.

सूर्यफुलाचं टरफल कोरडं असतं म्हणून चिकटतं. बी ८ ते १० तास भिजवा, निथळून १२ ते २४ तास चाळणीत मोड येऊ द्या, मग पेरा आणि ३ ते ५ किलो वजनाखाली तीन दिवस ठेवा. वजनाला रेटत वर येताना बरीचशी टरफलं मातीतच सुटतात. उरलेल्यांसाठी उजेडात काढण्याच्या दिवशी संध्याकाळी हलका फवारा मारा, पंधरा मिनिटं थांबा आणि तळहात उलटसुलट फिरवा. मऊ झालेली टरफलं गळतात. मग लगेच पंखा, ती ओल रात्रभर राहू देऊ नका. पातळ सालीचं काळं तेलवाण घ्या, पट्टेदार जाड सालीचं घेतलं तर ही कटकट दुप्पट होते. आणि बीजदलांनंतरची खरी पानं फुटायच्या आत कापा. ती डोकावली की चव कडवट होते.

पाण्याचं: टीडीएस ९०० म्हणजे पानांच्या कडा करपणार आणि कोकोपीटवर पांढरी पूड जमणार. महापालिकेचं कन्हान-पेंचचं पाणी येत असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून निम्मं-निम्मं मिसळा. पीएच ६ ते ६.५ हवा. बोअरचं पाणी बहुधा ७.५ च्या वर असतं. सायट्रिक अ‍ॅसिड लिटरला ०.२ ग्रॅमपासून सुरू करून मोजत मोजत वाढवा. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र वापरू नका. त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

धान्यगल्ली

वरचं सगळं पटलं. बियाण्याबद्दल एक गोष्ट राहिली आणि ती जिवाशी आहे.

कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं गुलाबी, लाल, निळं, हिरवं रंगवलेलं असतं. रंग म्हणजे त्यावर थायरम, कॅप्टानसारखं औषध लावल्याची खूण. ते शेतात पेरायला आहे. मायक्रोग्रीन्सला कधीही नाही, धुऊन सुद्धा नाही. पाकिटावर प्रक्रिया न केलेलं असं स्पष्ट लिहिलेलं घ्या.

मोहरी, मेथी, धने, वाटाणा इतवारीच्या ठोक दुकानातून घेता येतात, पण उगवण तपासून. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळा, डब्यात ठेवा, चौथ्या दिवशी मोजा. ८५ च्या खाली उगवले तर तो लॉट घेऊ नका. जे उगवत नाहीत ते ट्रेत सडतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. धने अख्खे पेरू नका, लाटणं फिरवून दोन फाका करा आणि अठरा ते पंचवीस दिवस धरा. वाटाण्याची डाळ नाही, अख्खा वाटाणा घ्या. हे सांगावं लागतं, कारण फोडलेला वाटाणा भिजवून वाट बघणारी माणसं आहेत.

आपल्या भागात लाखोळी (लाखेची डाळ) मुबलक आणि स्वस्त. तिचा कोंब वाटाण्यासारखाच दिसतो, म्हणून कोणी सुचवलं तर ऐकू नका. लाखोळीतल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात, आणि तो कोवळ्या रोपातही असतो. ज्वारीचंही तसंच: कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ती खाऊन जनावरं दगावतात हे विदर्भात शेतकऱ्याला सांगायला नको. गव्हांकुर विकतो म्हणून ज्वारीचे कोंब विकायला जाऊ नका. राजमा, टोमॅटो, वांगं, मिरची यांचे कोंबही बाद.

तुळस, अळीव, जवस भिजवू नका. त्यांच्याभोवती चिकट गर येतो आणि गोळा होतो. कोरडं बी ओल्या कोकोपीटवर भुरभुरवायचं आणि फवारायचं. इटालियन किचनला सब्जाचं बी उगवून देऊ नका, त्यांना जिनोव्हीज बेसिल (इटालियन तुळस) लागतं. चवीत फार फरक आहे.

उरलेलं बी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून फ्रिजमध्ये. जूनची दमट हवा लागली की उगवण भराभर घसरते.

परसबाग_मानेवाडा

धन्यवाद. मोहरीचे देठ मुळाशी तपकिरीच आहेत, म्हणजे मर. मी २५ ग्रॅम टाकत होतो, उद्यापासून १२ करतो. खोलीत सध्या टेबल फॅन आणि खिडकीत एक्झॉस्ट आहे. उन्हाळ्यासाठी घरचा डेझर्ट कूलर खिडकीत बसवला तर काम होईल का? एसीचं बिल बघून धीर होत नाही.

स्लॅबखालची_खोली

भाऊ, नागपुरात या धंद्याचे तीन वेगळे ऋतू धरा आणि तिन्हींना वेगळी यंत्रणा. एकाच सेटिंगवर बारा महिने चालवायला गेलं की कुठेतरी फसतं. लक्ष्य मात्र एकच: तापमान १८ ते २४ अंश, आर्द्रता ५० ते ६० टक्के. दोन्ही दाखवणारं छोटं मीटर रॅकच्या मधल्या कप्प्यावर ठेवा, भिंतीवर नको. ट्यूबच्या उष्णतेने वरचा आणि खालचा कप्पा यांत दोन-तीन अंशांचा फरक असतो.

पावसाळा: बाहेरच आर्द्रता ८० च्या वर. तुमचा एक्झॉस्ट तीच ओली हवा आत ओढून घेतो, म्हणून ऑगस्टमध्ये तो लावून उपयोग नाही, उलट तोटा. खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, एसी २४ वर किंवा ड्राय मोडवर, किंवा मग डिह्युमिडिफायर. आतला पंखा चोवीस तास चालू. पंख्याचा झोत थेट ट्रेवर नको, भिंतीवर मारा. पानं जेमतेम हलताना दिसली पाहिजेत. कूलर या दिवसांत अजिबात नाही.

उन्हाळा: इथे कूलरची बाजू घ्यावी लागेल. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असले तरी हवा कोरडी असते, आर्द्रता वीसच्या खाली. वाळ्याच्या किंवा हनीकोंब पॅडच्या चांगल्या कूलरने खोली २७-२८ पर्यंत येते, पण हवा बाहेर पडायला समोरून वाट हवी. खोली बंद करून कूलर लावला तर तासाभरात दमट होते. २७-२८ अंशांत मुळा, माठ, सूर्यफूल निघतात, एक-दोन दिवस लवकरच. ब्रोकोली आणि वाटाणा मात्र सुस्तावतात, मुळं काळी पडतात. त्यात मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचे ढग जमले की हवा दमट होते आणि कूलर एका दिवसात निकामी. हॉटेलला शब्द दिला असेल तर त्या पंधरा दिवसांसाठी तरी एसी लागतोच. तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली, म्हणजे १ टनवर भागणार नाही, दीड टनाचा इन्व्हर्टर घ्या. तळमजल्यावर उत्तरेची खोली मिळत असेल तर आधी रॅक तिकडे हलवा, एसी नंतर. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आणखी एक: रोपांना उजेड दिवसाच हवा असं काही नाही. दोन रॅकच्या सोळा ट्यूब म्हणजे ३२० वॅट, तेवढी उष्णता खोलीत सुटते. रात्री आठला लावा, सकाळी दहाला बंद करा. उन्हाळ्यात एसीवरचा बोजा सरळ कमी होतो. खिडकीला जाड पडदा लावा, म्हणजे दिवसा खरोखर अंधार होईल.

कूलर वापरलात तर टाकी आठवड्याला रिकामी करून हायपोक्लोराइटने धुवा आणि हवेबरोबर तुषार येत असतील तर ट्रे त्या रेषेत ठेवू नका. साचलेल्या पाण्याचे थेंब कच्च्या खायच्या पानावर पडता कामा नयेत.

हिवाळा सगळ्यात सोपा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास जातं. मुळा, मोहरी, वाटाणा, ब्रोकोली खुशीत असतात, फक्त दोन-तीन दिवस जास्त घेतात. माठ आणि बेसिल २० च्या खाली थांबतात, त्यांना सगळ्यात वरच्या कप्प्यावर ठेवा. माठाचा लाल रंग उजेडात खुलतो, अंधारात जास्त ठेवला तर फिका गुलाबी राहतो आणि शेफ घेत नाही.

वीज जाण्याचा विचार करून ठेवा. रोपांना चार तास उजेड नसला तर काही होत नाही. एसी आणि पंखा दोन्ही बंद राहिले तर मात्र ऑगस्टमध्ये एका रात्रीत नुकसान होतं. इन्व्हर्टरवर फक्त पंखा जोडा, तेवढं बास.

परचेस_आणि_प्लेट

हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या बाजूने लिहितो.

शेफ किलोत विचार करत नाही, प्लेटमध्ये करतो. एका प्लेटवर सजावटीला २ ग्रॅम लागतात. ५० ग्रॅमच्या डब्यात तुटकं-वाकडं सोडून २० ते २२ प्लेटी सजतात. तुम्ही भाव सांगताना डब्याचा सांगा आणि लगेच प्लेटमागे किती पडतं तेही सांगा. ८० रुपयांचा डबा ऐकायला महाग वाटतो, प्लेटमागे ४ रुपये म्हटलं की ३०० रुपयांच्या डिशमध्ये ते सहज बसतं.

नमुना घेऊन दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान जा. एक ते तीन आणि रात्री सातनंतर कोणी बोलणार नाही. दहा प्रकार नेऊ नका. तीन न्या: एक तिखट म्हणजे मुळा किंवा मोहरी, एक रंगाचा म्हणजे लाल माठ, एक भरीव म्हणजे सूर्यफूल किंवा वाटाणा. डबा तिथेच उघडा, चाखायला द्या आणि दुसरा बंद डबा त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून पाचव्या दिवशी बघायला सांगा. तो पाचव्या दिवसाचा डबाच ऑर्डर मिळवून देतो. कॅफे, कॉन्टिनेंटल, सुशी-सॅलडवाले, वर्धा रोडची मोठी हॉटेलं आणि लग्नसराईत लाइव्ह काउंटर लावणारे केटरर हे तुमचे गिऱ्हाईक. सावजीच्या रश्श्यावर मायक्रोग्रीन टाकून काही साधत नाही, तिकडे वेळ घालवू नका. आपल्याकडचं काही वेगळं द्यायचं तर अंबाडीचे कोंब एका ट्रेत करून बघा. लालसर देठ, आंबट चव, शेफ मंडळी उत्सुकतेने घेतात.

माल परत जाण्याची कारणं ठरलेली आहेत. पानं ओली, डब्याच्या तळाशी कोकोपीट, सूर्यफुलावर टरफल, एका डब्यात दोन इंच आणि दुसऱ्यात चार इंच उंची. यातलं एकही कारण चवीशी संबंधित नाही, सगळी शिस्तीची आहेत. उंची दर वेळी सारखी द्या.

कापायच्या आधी ८ ते १२ तास पाणी बंद. धारदार सुरीने मातीच्या रेषेपासून अर्धा-पाऊण इंच वर कापा, बोथट कात्रीने देठ चिरडतो आणि कापलेली कड दोन दिवसांत तपकिरी होते. धुऊ नका. धुतलं तर सॅलड स्पिनरने पूर्ण वाळवावं लागतं, आणि तरी टिकण्याचे दोन दिवस जातात. न धुतलेल्या मालाच्या डब्यावर 'वापरण्यापूर्वी धुवा' असं लिहा. झाकणाच्या पेट (पारदर्शक प्लास्टिकच्या) डब्यात तळाला टिश्यू, त्यावर सैल भरलेला माल, लगेच ४ अंशाला. मुळा, वाटाणा, सूर्यफूल पाच ते सात दिवस चांगले राहतात, माठ चार. बेसिल ४ अंशाला काळं पडतं, ते १० ते १२ अंशाला किंवा ट्रेसकट जिवंत द्या. नेताना थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक ठेवा, पण पॅक आणि डबा यांच्यात पुठ्ठा हवा. पॅकला टेकलेली पानं गोठून पाण्यासारखी होतात.

कागदपत्रं: फॉसकॉस पोर्टलवर फॉर्म ए भरून एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी करून घ्या. मोठ्या हॉटेलचा परचेस विभाग पहिल्यांदा तोच नंबर मागतो. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, तेव्हा साधं बिल चालतं. पॅन आणि बँकेचा तपशील मात्र लागतो. डब्यावर नाव, वजन, कापल्याची तारीख, बॅच नंबर आणि साठवण्याचं तापमान छापा. बॅच नंबरावरून बियाण्याचा कुठला लॉट होता हे तुमच्या वहीत सापडलं पाहिजे. कोणाच्या पोटाची तक्रार आली तर त्या एका ओळीवर सगळं अवलंबून असतं.

पैशाचं: कॅफे आठवड्याला यूपीआयने देतात, मोठी हॉटेलं महिना-दीड महिना लावतात. तेवढे दिवस बियाणं आणि विजेचा खर्च स्वतःच्या खिशातून निघेल इतकीच हॉटेलं धरा. आणि फक्त शेफच्या भरवशावर राहू नका. शेफ नोकरी बदलतो, मेनू बदलतो. परचेसवाल्याशीही ओळख ठेवा.

बेसिल सोडून इतर जिवंत ट्रे द्यायचा विचार असेल तर शक्यतो टाळा. किचनमध्ये उजेड नसतो, पाणी कोण देणार यावर एकमत नसतं, आणि तीन दिवसांत पिवळा पडलेला ट्रे तुमच्या नावावर येतो.

कोंब_आणि_पान

जिवंत ट्रेबद्दल थोडा वेगळा विचार. १० बाय २० चा नको, पण ५ बाय ५ इंची छोटे ट्रे ओपन किचनवाल्या कॅफेला चांगले जातात, शीतसाखळीची झंझट वाचते. अट इतकीच की दर फेरीला जुने परत उचलायचे, संपलेले असोत वा नसोत.

आता वेळापत्रक. पेरणीच्या दिवसापासून पुढे मोजू नका, पुरवठ्याच्या दिवसापासून मागे मोजा. समजा मंगळवार आणि शुक्रवारी माल द्यायचा. मंगळवारचा माल सोमवारी संध्याकाळी कापायचा. मुळ्याला ७ दिवस, म्हणजे आदल्या सोमवारी पेरणी. सूर्यफुलाला १० दिवस: त्याच्या आधीच्या शुक्रवारी पेरणी आणि बुधवारी रात्री भिजवणं. वाटाण्याला १२ दिवस: बुधवारी पेरणी, मंगळवारी रात्री भिजवणं. शुक्रवारच्या मालाला हेच तीन दिवस पुढे सरकवा. भिंतीवर मोठा कागद लावून हॉटेलनिहाय लिहा. डिसेंबरमध्ये प्रत्येकाला दोन-तीन दिवस जोडा.

दोन हॉटेलांना आठवड्यातून दोनदा सहा-सहा डबे म्हणजे २४ डबे, १२०० ग्रॅम. मुळ्याचा एक ट्रे २५० ग्रॅम धरला तर पाच ट्रे, शिवाय एक जास्तीचा. म्हणजे आठवड्याला सहा ट्रेच. ३२ जागा आहेत म्हणून ३२ भरू नका. हा माल थांबत नाही आणि फुकट वाटलेला डबा पुढच्या महिन्यात भाव पाडतो. रिकामा कप्पा वाया जात नाही, कुजलेला ट्रे जातो.

खर्चाचं गणित, आकडे समजा म्हणून घेतो, तुमचे घाला. मुळ्याचा एक ट्रे: बी ३० ग्रॅम ५०० रुपये किलोने १५, कोकोपीट ७, पाच दिवसांच्या उजेडाची वीज ७, एसीचा वाटा १८, पाच डबे आणि लेबलं २५, वीस मिनिटांची मजुरी २७. बेरीज ९९. शंभरातले पंधरा ट्रे वाया जातात असं धरून ९९ ला ०.८५ ने भागा: ११६. पाच डब्यांत वाटले की डब्यामागे २३ रुपये. पोचवण्याच्या एका फेरीला ६० रुपये आणि बारा डबे, म्हणजे आणखी ५. असा २८ रुपयांचा डबा ७५ ते ८० ला द्यावा. यात पैसे उशिरा येण्याची जोखीम, परत आलेला माल आणि रिकामे आठवडे बसले पाहिजेत. एसीचा वाटा ३२ ट्रे भरलेले धरून काढला आहे. सहाच ट्रे असतील तर तोच आकडा पाचपट होतो, म्हणून पहिल्या महिन्यात नफा शोधू नका, आणि उन्हाळ्यात सुरुवात करू नका.

माझ्या मते तुम्ही मोहरी सध्या बंदच ठेवा. मुळा तिखटपणाला पुरतो, देठ जाड असल्याने ओलीत तग धरतो. मुळा, सूर्यफूल, लाल माठ या तिघांवर ऑक्टोबरपर्यंत चला. हवा कोरडी झाली की मोहरी आणि वाटाणा घ्या.

परसबाग_मानेवाडा

एकच शंका उरली. लाल माठाचं बी फार बारीक आहे, एका जागी पडतं. सारखं कसं पसरवायचं? आणि त्याला वजन ठेवायचं का?

धान्यगल्ली

८ ग्रॅम बी चार चमचे स्वच्छ धुऊन वाळवलेल्या बारीक वाळूत मिसळा. वाळूऐवजी रवा घेऊ नका, त्याला बुरशी धरते. मिश्रण मिठाच्या भोकांच्या डबीत भरा, निम्मं लांबीच्या दिशेने आणि निम्मं रुंदीच्या दिशेने टाका. पेरण्याआधी कोकोपीटचा वरचा थर चाळणीने चाळून सपाट दाबलेला हवा, खड्डा असला की बी तिथेच गोळा होतं. वर माती टाकू नका, वजनही नको, कोंब फार नाजूक असतो. नुसतं झाकण उलटं ठेवा आणि आतल्या बाजूला फवारा मारा. ऑगस्टच्या उबेत तिसऱ्या दिवशी कोंब दिसतील, त्याच दिवशी उजेडात. दहा ते चौदा दिवसांत ८० ते १२० ग्रॅम निघतं. मुळ्याच्या निम्मंही नाही, म्हणून माठाचा डबा २५ ग्रॅमचा करा आणि भाव मुळ्याच्या ५० ग्रॅमएवढाच ठेवा.